धाकटी पाती

धाकटी पाती म्हणजे एखाद्या राजघराण्यातील, सरदार घराण्यातील किंवा वतनदार घराण्यातील धाकट्या मुलापासून अथवा धाकट्या भावापासून चालत आलेली शाखा होय. ज्येष्ठ पुत्राच्या वंशास थोरली पाती असे म्हणतात. ‘पाती’ या शब्दाचा मूळ अर्थ वाटा किंवा हिस्सा असा असून वाटेकऱ्यास पातीदार म्हणत. म्हणजे मराठीत शाखेला नाव मिळाले तेच तिच्या हिश्श्यावरून. देवास, मिरज, कुरुंदवाड, कागल येथील घराण्यांच्या संदर्भात थोरली व धाकटी पाती हे शब्द विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सरकारी व्यवहारातही रूढ होते.

युरोपात अशा शाखेला ‘कॅडेट’ शाखा म्हणतात. हा शब्द फ्रान्सच्या दक्षिणेकडील गॅस्कनी प्रांताच्या बोलीतून आला असून त्याच्या मुळाशी ‘लहान डोके’ म्हणजेच लहान प्रमुख असा अर्थ आहे. तेथील सरदारांचे धाकटे मुलगे राजाच्या सैन्यात दाखल होत, त्यावरून सैनिकी शिक्षण घेणाऱ्या तरुणास कॅडेट म्हणू लागले. राष्ट्रीय छात्रसेनेतील विद्यार्थ्यांच्या नावामागे लागणारा ‘कॅडेट’ तो हाच.

धाकट्या मुलाला काय द्यावे, हा प्रश्न सर्वच सत्ताधारी घराण्यांपुढे होता. मराठी घराण्यांत त्याला एक वेगळे वळण मिळाले. जे वाटायचे ते राज्य आहे की वतन, यावर तेथे वाद होई. राज्य असेल तर ते अविभाज्य, एकाचेच. वतन असेल तर त्यात सर्व भावांचा हक्क. व्यंकोजीराजांपासून रघुनाथरावांपर्यंतची अनेक मोठी भांडणे याच एका प्रश्नावर उभी आहेत.

राज्य आणि वतन

महाराष्ट्रात वारसाहक्कासाठी मिताक्षरा हा ग्रंथ प्रमाण मानला जाई. विज्ञानेश्वराने तो कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने, म्हणजे आजच्या बसवकल्याण येथे लिहिला. या ग्रंथानुसार वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतःच हक्क प्राप्त होतो आणि वाटणीच्या वेळी सर्व मुलांना समान हिस्सा मिळतो. ज्येष्ठाला काही अधिक अंश द्यावा असा विचार जुन्या स्मृतींत आढळतो. पुढे तो मागे पडला.

राज्याला मात्र हा नियम लागू नव्हता. कौटिल्याने आपत्काळ सोडून ज्येष्ठ पुत्राकडे राज्य जाणे इष्ट मानले आहे. त्याबरोबरच राज्य संपूर्ण कुळाचे असू शकते व असे कुलसंघ जिंकण्यास कठीण असतात, असेही त्याने नोंदविले आहे. मराठ्यांच्या इतिहासात या दोन्ही विचारांची उदाहरणे सापडतात.

राज्य आणि खाजगी मालमत्ता यांच्या मधोमध सरंजाम होता. फौज बाळगण्यासाठी दिलेला मुलूख म्हणजे सरंजाम. तो तत्त्वतः सरकारचा, चाकरीपुरता दिलेला आणि परत घेता येण्याजोगा असे. प्रत्यक्षात मुलगा बापाच्या जागी येई आणि दोन पिढ्यांत सरंजामाला वतनाचे रूप येई. तसे ते आले की धाकटे भाऊ वाटा मागू लागत. इंग्रजी अमलात न्यायालयांनी सरंजाम सामान्यतः अविभाज्य व ज्येष्ठाकडे जाणारा ठरविला आणि धाकट्यांना त्यातून पोटगी मिळण्याचा हक्क मान्य केला. ही भूमिका धाकट्या मुलांना निर्वाहापुरते देणाऱ्या युरोपीय पद्धतीशी मिळतीजुळती होती.

वडीलकीचा मान

गावपातळीवरील वतनांत, म्हणजे देशमुखी, देशपांडेपण, पाटीलकी, कुळकर्ण यांत, हा प्रश्न फार व्यवहारी रीतीने सोडविलेला दिसतो. वतनाचे उत्पन्न तक्षिमांत म्हणजे हिश्श्यांत वाटले जाई. पण वतनाचा शिक्का, कागदावर पहिली निशाणी करण्याचा अधिकार आणि गावातील मानपान वडील शाखेकडे राही. होळीची पहिली पूजा, पोळ्याला सर्वांपुढे जाणारा बैल, लग्नकार्यातील पहिला विडा अशा गोष्टी त्यात येत. पैसा वाटता येतो, पहिलेपण वाटता येत नाही, ही त्यामागची जाण होती.

त्यामुळे तंटे थांबले असे नाही. मराठेशाहीच्या दप्तरांत वतनाच्या भांडणांचे महजर मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांतील कित्येकांत वाद एखाद्या शेतावरून नसून वडीलपण कोणाकडे यावरून आहे. दोन भावांपैकी थोरला कोण, एखादी शाखा परागंदा होऊन तीन पिढ्यांनी परतली तर तिचे वडीलपण शाबूत राहते का, थोरल्या घरात दत्तक आला तर मान त्याच्याकडे जातो की सख्ख्या रक्ताच्या धाकट्या घराकडे, असे प्रश्न गोतसभेपुढे येत. राजघराण्यांतील वारसायुद्धे हीच भांडणे मोठ्या प्रमाणावर होती.

युरोपातील पद्धती

मध्ययुगीन जर्मनीत राज्यांची वाटणी सर्रास होई. इ.स. १३५६ च्या ‘सुवर्णमुद्रा’ नावाच्या शाही फर्मानाने सम्राट निवडण्याचा अधिकार असलेल्या संस्थानिकांचा मुख्य प्रदेश अविभाज्य ठरविला, परंतु उरलेल्या मुलखाची वाटणी चालूच राहिली. सॅक्सनीच्या वेट्टिन घराण्यात इ.स. १४८५ मध्ये एर्न्स्ट व आल्ब्रेख्ट या भावांनी लाइपझिग येथे वाटणी केली. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, असा सॅक्सन लोकांचा जुना नियम होता. थोरल्या शाखेकडे राहिलेले निर्वाचकपद इ.स. १५४७ मध्ये लढाईतील पराभवामुळे धाकट्या शाखेकडे गेले. पुढे धाकटी शाखा सॅक्सनीच्या राजपदाला पोहोचली, तर थोरली पुन्हापुन्हा वाटण्या करत वायमार, गोथा, कोबुर्ग, माइनिंगेन अशा चिमुकल्या संस्थानांत विखुरली. व्हिक्टोरिया राणीचे पती आल्बर्ट हे याच विखुरलेल्या थोरल्या शाखेतील, आणि स्वतः धाकटे पुत्र होते.

फ्रान्सने दुसरा मार्ग धरला. राज्य थोरल्याला आणि धाकट्यांना ‘आपानाज’ म्हणजे निर्वाहाचा प्रांत. पुरुषवंश खुंटला की तो प्रांत राजाकडे परत. स्त्रियांना व स्त्रियांमार्फत वारसा नाकारल्यामुळे तेथे धाकट्या शाखांचे महत्त्व फार वाढले. कापे घराण्याची मुख्य शाखा इ.स. १३२८ मध्ये खुंटली तेव्हा व्हालवा ही धाकटी शाखा गादीवर आली आणि तीही इ.स. १५८९ मध्ये संपली तेव्हा बूर्बों शाखा आली. बूर्बोंचा मूळ पुरुष रोबेर हा नववा लुई या राजाचा धाकटा मुलगा होता. तीनशेहून अधिक वर्षे दूरचे भाऊबंद म्हणून राहिलेले घर अखेर फ्रान्सचे मालक झाले.

इंग्लंडमध्ये धाकटी घराणी राज्याच्या मुळावरच उठली. तिसरा एडवर्ड याच्या धाकट्या मुलांपासून निघालेल्या लँकेस्टर व यॉर्क या शाखांत इ.स. १४५५ पासून सुमारे तीस वर्षे युद्ध चालले. पुढे तेथे जमीन व पदवी थोरल्याला ही पद्धत पक्की झाली आणि धाकट्यांनी सैन्य, धर्मपीठ, वकिली किंवा व्यापार पाहावा असा शिरस्ता पडला. या धाकट्यांपैकी अनेक जण ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत भारतात आले. पेशवाईनंतर दख्खनमधील जहागिरदारांची व्यवस्था लावणारे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे एका स्कॉटिश लॉर्डचे चौथे चिरंजीव होते. मराठी सरदारांच्या वाटण्यांवर निर्णय देणाऱ्या या अधिकाऱ्याला स्वतःच्या घरात वाटा नव्हता, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

भोसले घराणे

शहाजीराजांचे थोरले पुत्र संभाजी कनकगिरीच्या वेढ्यात मारले गेले. इ.स. १६६४ मध्ये शहाजीराजे वारले तेव्हा जिजाबाईंचे पुत्र शिवाजी महाराज आणि तुकाबाईंचे पुत्र व्यंकोजी हे दोन वारस राहिले. कर्नाटकातील जहागीर व्यंकोजींच्या ताब्यात राहिली आणि पुढे त्यांनी तंजावर घेतले. इ.स. १६७७ च्या दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराजांनी धाकट्या भावाकडे वडिलांच्या दौलतीतील निम्मा वाटा मागितला. तेरा वर्षे संपूर्ण दौलत एकट्याने भोगली, आता वडिलोपार्जित अर्धा भाग द्यावा, अशी त्यांची मागणी होती. व्यंकोजींची बाजू अशी की ही जहागीर आदिलशाहीची चाकरी करून मिळालेली, तेव्हा ती भावाने मागण्याची वस्तू नव्हे. छत्रपती म्हणून राज्याभिषेक करून घेतलेल्या पुरुषाने भावाशी वाद घालताना मात्र वतनदाराचा कायदा पुढे केला, हे येथे विशेष. पुढे रघुनाथ नारायण हणमंते यांच्या मध्यस्थीने तडजोड झाली. तंजावर व्यंकोजींकडे राहिले आणि बंगळूर, होसकोटे, शिरे हा मुलूख महाराजांनी भावजय दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिला.

तंजावरच्या या शाखेने मराठी व तमिळ संस्कृतींचा मिलाफ घडविला आणि सरफोजीराजे दुसरे यांच्या काळात सरस्वतीमहाल ग्रंथालयाला मोठे रूप दिले. इ.स. १८५५ मध्ये शिवाजीराजे दुसरे पुत्राविना वारल्यावर इंग्रजांनी ही गादी संपुष्टात आणली.

पुढच्या पिढीत हाच प्रश्न अधिक तीव्र झाला. शिवाजी महाराजांनी तुंगभद्रेच्या दक्षिणेकडील राज्य संभाजीराजांना व उत्तरेकडील राजारामांना देण्याचा विचार केला होता, असे सभासदाच्या बखरीत आहे. ही बखर राजारामांच्या आश्रयाने जिंजी येथे लिहिली गेली, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. इ.स. १६८९ मध्ये संभाजीराजांचा वध झाला व त्यांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजारामांनी जिंजीहून राज्य टिकविले. इ.स. १७०० मध्ये ते वारल्यावर ताराबाईंनी आपल्या पुत्राच्या नावाने सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली.

इ.स. १७०७ मध्ये शाहू सुटून आले तेव्हा त्यांचा दावा सरळ होता: आपण थोरल्या पुत्राचे पुत्र. ताराबाईंचे उत्तर कायद्याच्या दृष्टीने फार मार्मिक होते. शिवाजी महाराजांनी मिळविलेले राज्य संभाजीराजांच्या वेळी गेले. नंतरचे राज्य राजारामांनी स्वपराक्रमाने नव्याने मिळविले. म्हणून ते राजारामांच्या पुत्राचे. वडिलोपार्जित मालमत्ता आणि स्वकष्टार्जित मालमत्ता हा मिताक्षरेतील भेद त्यांनी राज्याला लावला. हा युक्तिवाद सभेत नव्हे, खेड येथील लढाईत निकालात निघाला. शाहूंचा सातारा येथे १२ जानेवारी १७०८ रोजी राज्याभिषेक झाला आणि धाकट्या शाखेने पन्हाळा–कोल्हापूर भागात आपली गादी मांडली.

हा तंटा इ.स. १७३१ च्या वारणेच्या तहाने मिटला. शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांची भेट कऱ्हाडजवळ जखिणवाडी येथे झाली व १३ एप्रिल १७३१ रोजी तह ठरला. वारणा व कृष्णा यांच्या दक्षिणेकडील तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख कोल्हापूरकडे गेला आणि तुंगभद्रेपासून रामेश्वरापर्यंत जे नवे मिळेल ते निम्मेनिम्म वाटून घ्यायचे ठरले. न मिळालेल्या मुलखाचीही वाटणी करून ठेवणारा हा तह घरातील वाटणीपत्रासारखा वाचला जातो.

थोरली मुले आणि थोरल्या राण्या

बहुपत्नीकत्वामुळे ‘थोरला’ या शब्दाचाच अर्थ मराठी घराण्यांत वादग्रस्त झाला. जो आधी जन्मला तो थोरला की थोरल्या राणीचा तो थोरला, असा हा पेच होता. अनेक युरोपीय घराण्यांनाही औरस-अनौरस असा भेद सतावत होता, पण दोन विवाहित राण्यांच्या मुलांतील हा वाद तेथे संभवत नव्हता.

नागपूरचे पहिले रघूजी भोसले इ.स. १७५५ मध्ये वारले. जानोजी व साबाजी हे पुत्र धाकट्या पत्नीचे, तर मुधोजी व बिंबाजी थोरल्या पत्नीचे. वयाने जानोजी मोठे. पेशव्यांनी सेनासाहेबसुभा हे पद जानोजींना दिले, मुधोजींना चांदा व बिंबाजींना छत्तीसगड मिळाले. जानोजींना पुत्र नसल्याने त्यांनी मुधोजींचा मुलगा रघूजी यास वारस नेमले, तरीही जानोजींच्या मृत्यूनंतर मुधोजी व साबाजी यांच्यात युद्ध झाले. इ.स. १७७५ मध्ये नागपूरजवळ पाचगाव येथील लढाईत साबाजी मारले गेले आणि मुधोजींच्या पुत्राचे राज्य निर्वेध झाले.

बडोद्यात दमाजी गायकवाड इ.स. १७६८ मध्ये वारल्यावर हेच घडले. सयाजीराव वयाने थोरले पण दुसऱ्या पत्नीचे. गोविंदराव वयाने धाकटे पण पहिल्या पत्नीचे. पेशवे दरबाराने आधी गोविंदरावांना आणि इ.स. १७७१ मध्ये सयाजीरावांना मान्यता दिली. दोन्ही वेळा नजराणा पुण्याला मिळाला. धर्मशास्त्राचा खल चालू असताना खजिन्याची बाजूही कोणी विसरले नव्हते.

आंग्रे आणि पेशवे

वाटणीची किंमत कोकणात सर्वांत स्पष्ट दिसते. कान्होजी आंग्रे इ.स. १७२९ मध्ये वारले आणि थोरले पुत्र सेखोजी त्यानंतर चारच वर्षांनी. संभाजी व मानाजी या भावांच्या तंट्यात बाजीराव पेशव्यांनी इ.स. १७३५ मध्ये वाटणी करून दिली. सरखेल हा किताब व दक्षिणेकडील किल्ले संभाजींकडे, वजारतमाब हा किताब व कुलाबा मानाजींकडे. एका आरमाराची दोन आरमारे झाली व ती एकमेकांवर तोफा डागू लागली. संभाजींनंतर आलेल्या तुळाजींचे आरमार इ.स. १७५६ मध्ये विजयदुर्गावर इंग्रज व पेशवे यांनी मिळून नष्ट केले.

पेशवेपद हे राजाने दिलेले पद होते, वतन नव्हते. तरीही नानासाहेबांच्या मृत्यूनंतर त्यांचे धाकटे भाऊ रघुनाथराव यांनी पुतण्या माधवराव यांच्याकडे दौलतीचा निम्मा वाटा मागितला. माधवरावांनी तो कधीही मान्य केला नाही आणि इ.स. १७६८ मध्ये धोडप येथे काकांचा पराभव करून त्यांना नजरकैदेत ठेवले. इ.स. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला, बारभाईंनी रघुनाथरावांना दूर सारले, ते इंग्रजांकडे गेले आणि पहिले इंग्रज–मराठा युद्ध ओढवले. इ.स. १७९६ मध्ये त्यांचे पुत्र दुसरे बाजीराव पेशवे झाले, तेव्हा गादी धाकट्या शाखेकडे गेली. तोवर वाटून घेण्यासारखे फारसे उरले नव्हते.

पटवर्धन घराणे

धाकट्या पातीचा अभ्यास करण्यास पटवर्धनांइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. रत्नागिरीजवळील कोतवड्याचे हरभट पटवर्धन हे इचलकरंजीकरांचे कुलोपाध्याय. त्यांच्या मुलानातवांनी तलवार धरली. थोरल्या माधवराव पेशव्यांनी या घराण्याला जो मोठा सरंजाम दिला तो गोविंद हरी, परशुराम रामचंद्र व नीळकंठ त्रिंबक या तिघांच्या नावे होता. त्यांची ठाणी अनुक्रमे मिरज, तासगाव आणि कुरुंदवाड. हैदर अली व कोल्हापूरकर यांच्या विरुद्ध दक्षिण सीमेवर उभी राहिलेली ही फौज सुरुवातीला एका कुळाची म्हणून लढत असे. कौटिल्याचा कुलसंघ तो हाच म्हणावा.

पुढच्या पिढीत फाटाफूट झाली. मिरजेच्या गादीवर चिंतामणराव लहान वयात आले आणि चुलते गंगाधरराव कारभार पाहू लागले. चिंतामणराव वयात आल्यावर दोघांत बेबनाव झाला. इ.स. १८०१ च्या सुमारास चिंतामणरावांनी मिरज सोडले, आपला हिस्सा वेगळा केला आणि सांगली हे आपले ठाणे केले. तेथील गणपतीचे देऊळ त्यांनीच उभारले. या वाटणीचा विलक्षण परिणाम असा की वंशाने थोरली असलेली शाखा नव्या गावी गेली आणि धाकटी शाखा जुन्या ठाण्यावर राहिली. पुढे तिचेच विभाग होऊन ‘मिरज थोरली पाती’ हे संस्थान झाले, त्यामुळे नावावरून वंशक्रम ठरवू पाहणाऱ्याची येथे फसगत होते.

इ.स. १८२० मध्ये मिरजेच्या जहागिरीचे कंपनी सरकारच्या संमतीने चार वाटे झाले. त्यांपैकी दोन, पुरुष वारस नाही म्हणून इ.स. १८४२ आणि १८४५ मध्ये खालसा झाले. उरलेले दोन म्हणजे मिरज थोरली व धाकटी पाती. परशुरामभाऊंच्या वंशातील तासगाव इ.स. १८४८ मध्ये गेले, जमखंडी राहिले. कुरुंदवाडातून इ.स. १८११ मध्ये शेडबाळ वेगळे झाले, ते इ.स. १८५७ मध्ये खालसा झाले. मूळ कुरुंदवाडाचे इ.स. १८५४ मध्ये पुन्हा थोरली व धाकटी असे दोन भाग पडले.

या तारखा एकत्र पाहिल्या म्हणजे वाटणीतील धोका ध्यानी येतो. एकत्र कुटुंबात एका भावाला मूल नसेल तर त्याचा हक्क आपोआप दुसऱ्या भावाच्या मुलांकडे जातो. धाकटी शाखा ही थोरलीची राखीव फळी असते. वाटणी होऊन शाखा विभक्त झाल्या की तो आधार तुटतो. मिरजेची जहागीर एकत्र असती तर निपुत्रिक शाखांचा वाटा भाऊबंदांकडे गेला असता; विभक्त झाल्यामुळे तो सार्वभौम सत्तेकडे गेला. शिवाय चार लहान जहागिरदार हे एका मोठ्या जहागिरदारापेक्षा कंपनीला सोयीचे होते. वाटणीला तिची संमती सहज मिळे, यात नवल नाही.

देवासच्या दोन पात्या

देवास येथे वाटणीने टोक गाठले. काळोजी पवारांचे पुत्र तुकोजी व जिवाजी यांना माळव्यातील मुलूख एकत्रच मिळाला. धारचे पवार त्यांचे चुलत घराणे. दोघे भाऊ एकाच गावात राहून राज्य करीत. इ.स. १८१८ मध्ये इंग्रजांनी तह केला तो दोन्ही राजांशी मिळून. नंतर कारभार वेगळे झाले, पण मुलूख एकमेकांत गुंतलेलाच राहिला. एकाच शहरात दोन राजवाडे, दोन दरबार आणि दोन महाराज नांदत होते. दोघांनाही प्रत्येकी १५ तोफांच्या सलामीचा मान होता. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी इ.स. १९२१ मध्ये थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव तिसरे यांचे खाजगी सचिव म्हणून काम केले व तेथील अनुभवांवर ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक लिहिले. दोन्ही संस्थाने इ.स. १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली.

दत्तक आणि धाकट्या शाखा

युरोपात मुख्य शाखा खुंटली की वंशावळ पाहून धाकट्या शाखेतील जवळचा पुरुष गादीवर येई. मराठी घराण्यांत या दोहोंच्या मध्ये दत्तकविधान होते. सर्वांत जवळचा भाऊबंदच दत्तक घेतला पाहिजे असे बंधन नसल्याने निवड राजाच्या किंवा त्याच्या विधवेच्या हाती येई. त्यामुळे धाकट्या शाखांमध्ये आशा आणि असंतोष दोन्ही कायम जागते राहत.

शाहू महाराजांना पुत्र नव्हता. त्यांच्यामागे साताऱ्याच्या गादीवर रामराजे आले, ते ताराबाईंचे नातू म्हणजे प्रतिस्पर्धी धाकट्या शाखेतील म्हणून. पुढे ताराबाईंनीच ते आपले नातू नव्हेत असे जाहीर केले. रामराजांनंतर वावीच्या भोसल्यांतून दुसरे शाहू दत्तक आले. कोल्हापुरात संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर जिजाबाईंनी खानवटकर भोसल्यांतून मुलगा घेतला. मालेगाव तालुक्यातील कवळाण्याची गायकवाडांची दूरची शाखा शेती करून राहत होती. तेथील बारा वर्षांचे गोपाळराव इ.स. १८७५ मध्ये जमनाबाईंनी दत्तक घेतले, तेच बडोद्याचे महाराजा सयाजीराव तिसरे. कागलच्या थोरल्या पातीचे जयसिंगराव घाटगे यांचे पुत्र यशवंतराव इ.स. १८८४ मध्ये कोल्हापुरास दत्तक गेले व राजर्षी शाहू महाराज म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांची कन्या राधाबाई देवासच्या थोरल्या पातीत दिली होती. तिचे पुत्र विक्रमसिंहराव देवासची गादी सोडून इ.स. १९४७ मध्ये कोल्हापुरास दत्तक आले आणि शहाजी महाराज झाले.

लॉर्ड डलहौसी यांच्या कारकिर्दीत हाच मार्ग बंद करण्यात आला. अप्पासाहेब महाराजांनी मृत्यूपूर्वी केलेले दत्तकविधान नाकारून इ.स. १८४८ मध्ये सातारा खालसा झाले. इ.स. १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघूजी आणि झाशीचे गंगाधरराव नेवाळकर वारले व दोन्ही राज्ये गेली. झाशीत दत्तक घेतलेले दामोदरराव नेवाळकर घराण्याच्याच दुसऱ्या शाखेतील होते, पण त्याचा उपयोग झाला नाही. डलहौसी स्वतः तिसरे पुत्र. दोन्ही थोरले भाऊ अकाली वारल्याने त्यांना वडिलांची पदवी मिळाली होती. इ.स. १८६० मध्ये ते मुलगा नसताना वारले तेव्हा त्यांची मार्क्विस ही पदवी लोपली आणि सरदारकी मात्र चुलत भावाकडे गेली. साताऱ्याच्या चुलत्यांना जी सवलत नव्हती ती स्कॉटलंडमध्ये होती. इ.स. १८५७ च्या उठावानंतर धोरण बदलले आणि इ.स. १८६२ मध्ये लॉर्ड कॅनिंग यांनी संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या.

मराठवाडा व लगतचा प्रदेश

सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची इ.स. १६२९ मध्ये देवगिरीवर मुलांसह हत्या झाली. त्यानंतर उरलेल्या शाखा आसपासच्या गावांत पसरल्या. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, किनगाव राजा, आडगाव राजा, मेहुणा राजा या बुलढाणा जिल्ह्यातील गावांच्या नावांतील ‘राजा’ हे पद जाधवांच्या शाखांची आठवण देते. निंबाळकरांची एक शाखा निजामाच्या सेवेत राहिली व तिच्या प्रमुखास रावरंभा हा किताब होता.

संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी नामदेव ज्या आजच्या हिंगोली जिल्ह्यात आहे, तो भाग हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील देशमुख व देशपांडे घराण्यांच्या वाटण्यांना मुंबई इलाख्यातील कायदे लागू झाले नाहीत. पहिले सालारजंग यांच्या जिल्हाबंदीनंतर वसुलीचे काम सरकारी नोकरांकडे गेले आणि देशमुखांना रुसूम म्हणजे ठरावीक रोख रक्कम मिळू लागली. अधिकार संपला, तक्षिमा उरल्या. प्रत्येक पिढीत रक्कम तीच आणि वाटेकरी अधिक.

संस्था व हक्कांचा शेवट

पटवर्धनांची सांगली, मिरज व कुरुंदवाड यांच्या दोन-दोन पात्या आणि जमखंडी अशी सहा संस्थाने इ.स. १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. हैदराबाद संस्थानातील जहागिरी इ.स. १९४९ मध्ये रद्द झाल्या, परगणा व कुळकर्णी वतने मुंबई राज्यात इ.स. १९५० च्या कायद्याने गेली आणि महाराष्ट्रातील मुलकी पाटीलकी इ.स. १९६२ च्या कायद्याने. संस्थानिकांचे तनखे इ.स. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने बंद झाले. इ.स. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने, भारत सरकारशी झालेल्या करारानुसार एकाच वारसाकडे जाणारी संस्थानिकांची मिळकत मात्र आपल्या कक्षेबाहेर ठेवली. त्यामुळे एखादा वाडा करारातील संस्थानी मिळकत आहे की घराण्याची सामाईक मालमत्ता, यावर माजी राजघराण्यांतील भावाबहिणींचे दावे त्यानंतरही न्यायालयांत चालत राहिले. इ.स. २००५ च्या दुरुस्तीने सामाईक मालमत्तेत मुलींनाही मुलांइतकाच जन्मसिद्ध हिस्सा दिला आहे.